८५ टक्के दाखवूनही गोळी चुकते कशी?

प्रश्न : ‘एक्सकॉम २’ या पाळीपाळीनं खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये ८५ टक्के नेम दाखवतो, तरी गोळी हुकते. ‘इनटू द ब्रीच’मध्ये असं होत नाही. मग सरस कोणता? लॅपटॉप जुना आहे. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : गेम फसवत नाही. ८५ टक्क्यांच्या ३ गोळ्या झाडल्या, तर निदान एक चुकण्याची शक्यता जवळपास ३९ टक्के असते. शत्रूला अर्धा आडोसा असला तर नेमातून २० वजा होतात, पूर्ण आडोसा असला तर ४०. म्हणून आधी ग्रेनेड टाका, आडोसा उडतो. नाहीतर बगलेतून जा. पाळीत शेवटी हलणाऱ्या सैनिकाला मात्र अजून न दिसलेल्या भागात पुढे पळवू नका. शत्रूची नवी टोळी दिसली की ती लगेच आडोशाला पांगते आणि तिच्यावर झाडायला तुमच्याकडे कुणी उरत नाही. निम्मे डाव इथंच बोंबलतात.

‘इनटू द ब्रीच’ (२०१८) मध्ये ८ बाय ८ घरांचा पट, तुमची ३ लढाऊ यंत्रं. शत्रू कुठं मारणार ते आधीच दिसतं. मारण्यापेक्षा ढकलणं कामाचं : एक घर सरकवलं की त्याचा वार त्याच्याच साथीदारावर बसतो. आखणी म्हणून हाच सरस. थरार हवा तर एक्सकॉम. पण त्याला ४५ जीबी जागा लागते. जुन्या लॅपटॉपवर ब्रीचच घ्या.