सत्तर मिनिटांची एकच रचना: जपानी ड्रोन मेटलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीने 'बोरिस' या जपानी बँडचा 'अ‍ॅब्सोल्युटेगो' ऐकवला. तासभराचा एकच ट्रॅक आणि त्यात नुसती गिटारची घरघर! लोकांना यात आवडतं तरी काय?

उत्तर : सुरुवातच सगळ्यात अवघड ठिकाणाहून झाली. ड्रोन मेटल म्हणजे जड गिटारचा एकच स्वर लांबवत नेणारं संगीत. टोकियोच्या या बँडचा १९९६चा हा अल्बम मुरलेल्या श्रोत्यांचीही परीक्षा पाहतो. त्यात चाल शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. एकच स्वर बराच वेळ टिकला की कान त्याला ओळखण्याचं काम सोडतो आणि त्याच्या पोटात काय चाललंय तिकडे वळतो. गिटारची जाड तार खालच्या 'ए'पर्यंत उतरवली की ५५ हर्ट्‌झचा स्वर मिळतो. त्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) चढवलं की ११०, १६५, २२० हर्ट्‌झचे वरचे अंश (मूळ स्वराच्या पटीतले सूर) फुगून पुढे येतात. दोन तारांत अर्ध्या हर्ट्‌झचा फरक राहिला, तर दर दोन सेकंदांनी आवाज एकदा भरतो आणि ओसरतो. ढोल-ताशांची गरज न लागता लय तिथूनच येते.

प्रश्न : मान्य. पण हेच दहा मिनिटांत उरकता येणार नाही का?

उत्तर : नाही, आणि त्याचा पुरावा 'बोरिस'च्याच 'फ्लड'मध्ये (२०००) आहे. चार भाग, एकूण सुमारे ७० मिनिटं. पहिल्या भागात गिटारचा एकच छोटा तुकडा दुहेरी वाजतो आणि दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. दोन मिनिटांत थांबवलंत तर कुणाचा तरी ताल चुकलाय असं वाटेल. चौदा मिनिटं ऐकलंत तर त्या घसरणीतून नवनवे ठेके तयार होताना कळतात. दुसरा भाग जवळजवळ कुजबुजता. मग तिसऱ्या भागात सगळा भार एकदम अंगावर येतो. त्याआधीची जवळपास अर्ध्या तासाची वाट पाहणं वगळून थेट तिथे उडी मारा: बऱ्यापैकी रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) आहे, इतकंच. लांबी हा इथे हट्ट नाही, तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी 'फीडबॅकर' (२००३, सुमारे ४३ मिनिटं), कारण नुसत्या फीडबॅकने (अँप्लिफायरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणाऱ्या गुंजनाने) सुरू होऊन त्यात पुढे चक्क गाणं येतं. मग 'फ्लड'. त्यानंतर ओसाकाच्या 'करप्टेड'चं 'एल मुंदो फ्रिओ' (२००५) : सलग ७१ मिनिटांच्या आसपासचा एकच ट्रॅक, हार्पचे नाजूक सूर, आणि जपानी बँड असून शब्द स्पॅनिश. काटेकोर बोलायचं तर हे ड्रोनपेक्षा डूमच्या (संथ, जड मेटलच्या) जवळचं, पण धीर धरायला शिकवणारं. 'अ‍ॅब्सोल्युटेगो' शेवटी.

प्रश्न : मोबाइलवर ऐकलं तर सगळं पोकळ वाटतं. फाइल खराब असेल का?

उत्तर : फाइल बहुधा ठीकच असते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ५५ हर्ट्‌झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या अंशांवरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो, पण छातीवरचा दाब गायब. कानात घालायचे इयरफोन असतील तर आधी रबरी टोपीचं माप बदलून पाहा; जराशी फट राहिली तरी खर्ज तिथूनच गळतो. आवाज अगदी हळू ठेवला तरीही खर्जच आधी नाहीसा होतो, कारण कमी पातळीवर कानाला तो कमी ऐकू येतो. 'फ्लड' आणि 'फीडबॅकर'साठी प्लेअरमधलं 'गॅपलेस' चालू करा आणि 'शफल' बंद ठेवा, नाहीतर दोन भागांच्या सांध्यावर खाडकन खंड पडेल.

प्रश्न : तानपुऱ्याच्या सवयीचा काही उपयोग?

उत्तर : थोडा. जवारी स्वरातले वरचे अंश उघडते, तेच काम इथे फझ पेडल (डिस्टॉर्शन देणारं, पायाने चालवायचं उपकरण) करतो. फक्त तानपुऱ्यापुढे कुणीतरी गायला बसलेलं असतं. इथे बराच वेळ तानपुरा हीच मैफल.

प्रश्न : घरी छोट्या अँपवर प्रयत्न केला. नुसती कर्कश शीळ येते किंवा स्वर लगेच मरतो. तारही लोंबते.

उत्तर : तीन वेगळे दोष आहेत. १०-४६च्या (म्हणजे ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या) सेटमधली जाड तार 'ई'वरून 'ए'वर उतरवली की ती सैल पडते, जोरात छेडल्यावर क्षणभर चढा स्वर देते आणि मग खाली येते. तिच्या जागी ०.०६२ ते ०.०६८ इंचाची तार घाला. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच थोडी रुंद करावी लागेल. शीळ येते ती वरच्या पट्ट्यातून. नेक पिकअप (तारांची कंपनं टिपणारा, मानेजवळचा) निवडा, गिटारचा टोन शून्यावर आणा, अँपपासून मीटर-दीड मीटरवर उभे राहा आणि अंग सावकाश वळवा. कोनानुसार फीडबॅक मूळ स्वरावरून सप्तकावर किंवा पंचमावर उडी घेतो. स्वर मरतो त्याचं कारण बहुतेकदा नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप कापणारा) असतं. तो बंद करा. घरातल्या आवाजात खरा फीडबॅक जमत नसेल तर ई-बो घ्या. तारेवर धरायचं हे छोटं विद्युतचुंबकीय यंत्र बॅटरी संपेपर्यंत स्वर टिकवतं, आणि 'बोरिस'ची गिटारवादक वाता ते सर्रास वापरते.

अँप मोठा असेल तर कानात प्लग हवेतच. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. फोमचे प्लग वरचे अंश जास्त कापतात, म्हणून वाजवताना संगीतकारांसाठी बनवलेले फिल्टरवाले घ्या.