चित्रांतलं ओ की ठो कळत नसताना प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नुसती माणसं बघायला गेलं तर चालतं का? लोक हसतील का? (नाशिक)

चालतं म्हणजे काय, मी 22 वर्षं तेच करतोय. माझं फ्रेमचं दुकान आहे. उद्घाटनाच्या दिवशी दुपारपर्यंत चित्रं टांगायची आणि संध्याकाळी मागे भिंतीला टेकून उभं राहायचं, कारण ऐन वेळी एखादा हुक हमखास निसटतो.

नातेवाईक चित्रकाराकडे बघतात. प्रमुख पाहुणे मोबाइलकडे. दुसरे चित्रकार काचेला नाक लावतात, कारण जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथे कागद कोरा सोडतात, आणि गड्याने तो नेमका कुठे सोडलाय यातच त्यांचा जीव अडकलेला असतो. खरं गिऱ्हाईक हवेत वीत मारून मोजतं, सोफ्यावर मावेल का म्हणून. आणि सगळ्यात जास्त गर्दी काळ्या ढगांच्या चित्रासमोर. गडद चित्रावर साधी काच लावली की तिचा आरसा होतो, बायाबापड्या काय आणि बाप्ये काय, सगळे तिथे केस सारखे करतात. चित्रकार खूश. मी काही बोलत नाही.

पण मी लिहायला बसलो तो तुमचं ‘कळत नसताना’ वाचून.

2019 च्या ऑगस्टात गोदेला मोठा पूर आला, आणि त्याच हिवाळ्यात एकाने पुराची चित्रं मांडली. शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकारांनी जलरंगाची गोडी लावलेलं हे गाव, इथे घाट न रंगवलेला चित्रकार सापडायचा नाही. मधलं चित्र 22 बाय 30 इंचांचं. घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, तिच्या कमरेपर्यंत गढूळ पाणी, अलीकडे छोटी दगडी देवळं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाइलवर येतं, पण पाणी चढलं किती हे आपण अजून मारुतीवरच मोजतो, त्यामुळे त्या चित्रापुढे जो तो थांबत होता. फोटो काढण्यापुरता.

घाटावर फुलं विकणारे एक बाबा हार-गुच्छ पोचवायला आले होते. पैसे देणारा माणूस समईत अडकलेला. वात पेटेना, पंखे बंद करा, काडेपेटी कुणाकडे आहे, नेहमीचंच. मग भाषणं. बाबा रिकामी पाटी काखेत धरून त्या चित्रापुढे उभे राहिले ते पाहुणे खाली बसेपर्यंत. भरल्या दालनात चित्र बघणारा तो एकच माणूस. शेवटी शेजारच्याला हळूच म्हणाले, “मारुतीच्या कंबरंला पाणी आलं म्हंजे ह्या देवळांचे ओटे कव्हाच बुडाले. हितं तर कोरडे दिसत्यात.”

शेजारचा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जी. डी. आर्ट म्हणजे चित्रकलेची सरकारी पदविका घेतलेला, 30 वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेला. म्हणाला, “बाबा, हे चित्र आहे, फोटो नाही. चित्र बघायला दृष्टी लागते.” दोघं-तिघं हसले. बाबांनी पैसे मोजून घेतले आणि गेले.

रात्री जेवताना मी म्हटलं, दादा, तो माणूस रोज त्या ओट्यांपाशी बसतो. दादा म्हणाला, तू चौकटीपुरतं बोल. तेव्हापासून हे चालूच आहे, विषय निघाला की वहिनी ताटं उचलायला लागते.

गंमत म्हणजे चित्रकाराच्या कानावर हे कुठून तरी गेलं. प्रदर्शन उतरल्यावर तो चित्र घेऊन दुकानात आला, मागची टेप काप म्हणाला. जलरंगात गडदाचं फिकं करता येत नाही, पण फिक्याचं गडद करता येतं. माझ्याच टेबलावर त्याने पातळ रंगाचे दोन हात (वॉश) मारले आणि ओटे बुडवले. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

आता एवढं बोललोच आहे तर हेही सांगतो, आधीचं चित्र दिसायला जास्त बरं होतं. त्या कोरड्या ओट्यांवर उजेड होता, तो गेला, आणि खालचा भाग जड झाला. दादा म्हणतो तेही अगदीच खोटं नाही. पण हे त्याला मी सांगणार नाही.

तर तुम्ही जा. पत्रिकेवर सहा छापलं असेल तर पावणेसातला जा. कपडे काहीही चालतात. पहिल्या अर्ध्या तासात चित्राखाली ‘विकलं गेलं’ सांगणाऱ्या लाल टिकल्या दिसल्या तर भारावून जाऊ नका, बऱ्याचदा मामा-आत्यांच्या असतात (सगळ्यांच्या नाही, खरं विकणारेही मी पाहिलेत). हसणारे भेटतील, एखाद-दुसरा कायम असतोच.

आणि खादीचा झब्बा घातलेले, चष्मा कपाळावर चढवलेले एक सर ‘दृष्टी’ वगैरे बोलायला लागले, तर मारुतीच्या कमरेला पाणी आलं की देवळांच्या ओट्यांचं काय होतं, एवढं त्यांना विचाराच. मी मागे भिंतीपाशीच असेन.