२०१४ साली स्कॉटलंडला दिलेला शब्द पाळला गेला का?

प्रश्न असा आहे की, स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावे का, यावर झालेल्या २०१४ च्या सार्वमताच्या वेळी ब्रिटनमध्येच राहण्यासाठी स्कॉटलंडच्या मतदारांना जी आश्वासने दिली गेली ती खरोखर मोडली का, आणि मोडली असतील तर दुसऱ्या सार्वमताची मागणी न्याय्य आहे का. कागदावर सह्या करून जे दिले ते बरेचसे मिळाले. परंतु ज्या ग्वाहीवर विसंबून अनेकांनी आपले मत ठरवले ती मात्र दोन वर्षांतच निकालात निघाली, आणि म्हणून मला ही मागणी न्याय्य वाटते.

त्या काळात मी नोकरीनिमित्त ग्लासगोला राहत होतो. स्कॉटलंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही मला मत देता आले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले, त्यात ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारले आणि ४४.७ टक्के लोकांनी ते मागितले. मतदानाला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले असताना एका मतचाचणीत स्वातंत्र्यवाद्यांना प्रथमच आघाडी मिळाली आणि लंडनमध्ये एकच धावपळ उडाली. पंतप्रधान व हुजूर पक्षाचे नेते कॅमेरून, मजूर पक्षाचे मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे क्लेग या तिन्ही पक्षनेत्यांच्या सह्यांचे जाहीर वचन १६ सप्टेंबरला ‘डेली रेकॉर्ड’ या स्कॉटिश दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकले. जुन्या चर्मपत्रावर लिहिलेल्या सनदेसारखी त्या पानाची मांडणी होती. स्कॉटिश संसदेला व्यापक नवे अधिकार मिळतील, निधिवाटपाचे बार्नेट सूत्र कायम राहील आणि आरोग्यसेवेवर किती खर्च करायचा याचा अंतिम निर्णय स्कॉटलंडचाच असेल, असे त्यात म्हटले होते.

वयस्कर मंडळी ते पान वाचून हुरळून गेली नव्हती, कारण त्यांना १९७९ आठवत होते. त्या वर्षी १ मार्चला स्वतंत्र विधिमंडळासाठी घेतलेल्या सार्वमतात ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला, पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, ही अट वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेने, आधीच घालून ठेवलेली असल्याने तो वाया गेला. मतदानाच्या आधी माजी पंतप्रधान ॲलेक डग्लस-होम यांनी मतदारांना नकार देण्याचे आवाहन केले होते, आणि हुजूर पक्ष सत्तेवर आल्यास यापेक्षा चांगले विधेयक येईल अशी आशा लावली होती. हुजूर पक्ष दोनच महिन्यांत सत्तेवर आला, अठरा वर्षे टिकला, आणि स्कॉटलंडच्या तोंडाला पाने पुसली गेली. संसद मिळायला १९९७ चे दुसरे सार्वमत आणि मजूर पक्षाचे सरकार यावे लागले.

या तुलनेत २०१४ चे वचन बरे निघाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये, कोणते नवे अधिकार द्यायचे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या स्मिथ आयोगाचा अहवाल आला आणि त्याच्या आधारे २०१६ चा स्कॉटलंड कायदा झाला. प्राप्तिकराचे दर व टप्पे ठरवण्याचा अधिकार एडिनबरोतील स्कॉटिश संसदेकडे आला. सामाजिक सुरक्षेच्या नव्या अधिकारांतूनच गरीब कुटुंबांतील मुलांसाठी दर आठवड्याच्या हिशेबाने मिळणारी स्कॉटिश बालसाहाय्य रक्कम सुरू होऊ शकली. मूल्यवर्धित कराच्या उत्पन्नातील वाटा मात्र कागदावरच राहिला. क्लाइड नदीवरच्या गोदी कामगारांना १३ नव्या युद्धनौकांचे काम मिळेल असे सांगितले जात होते. २०१५ च्या संरक्षण आढाव्यात त्या प्रकारच्या नौकांची संख्या आठवर आली.

माझा खरा आक्षेप युरोपच्या बाबतीत आहे. स्वतंत्र झालात तर युरोपीय संघाचे सदस्यत्व गमवाल आणि ब्रिटनमध्ये राहिलात तर ते टिकेल, असे ‘बेटर टुगेदर’ या स्वातंत्र्यविरोधी मोहिमेचे नेते पुन्हा पुन्हा सांगत होते. वास्तविक युरोपविषयी सार्वमत घेण्याची घोषणा कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्येच केली होती, त्यामुळे ही ग्वाही देणाऱ्यांना आपण कशाच्या भरवशावर बोलत आहोत याची पूर्ण कल्पना असायला हवी होती. माझ्या शेजारी एक पोलिश जोडपे राहत असे. मुलीची शाळा आणि दोघांच्या नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून, केवळ युरोपीय नागरिक म्हणूनचे आपले स्थान सुरक्षित राहावे यासाठी त्यांनी ‘नाही’ला मत दिले. युरोपीय संघात राहायचे की नाही यावर जून २०१६ मध्ये झालेल्या सार्वमतात स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी आणि सर्वच्या सर्व ३२ स्थानिक परिषद क्षेत्रांनी युरोपात राहण्याचा कौल दिला, तरीही ब्रिटनबरोबर स्कॉटलंडही बाहेर पडला. आणि या वेळी नियम निराळे असल्याने त्या जोडप्याला मतदानाचा हक्कच नव्हता, मला मात्र होता. त्यांची ती फसगत मी जवळून पाहिली, आणि तिचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या बाजूचेही हात स्वच्छ नाहीत. स्कॉटिश सरकारने काढलेल्या स्वातंत्र्याच्या श्वेतपत्रिकेतील हिशेब तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या आसपास राहील असे धरून केलेले होते. जानेवारी २०१६ मध्ये तोच भाव ३० डॉलरच्या खाली गेला. ही पिढीतून एकदाच येणारी संधी आहे, असेही त्याच श्वेतपत्रिकेत लिहिले होते, आणि २०१७ च्या मार्चमध्ये स्कॉटिश सरकारच्या तत्कालीन प्रमुख निकोला स्टर्जन यांनी दुसरे सार्वमत मागितले. युरोपमुळे परिस्थिती मुळातून पालटली, हे त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही ज्याने ते वाक्य मनावर घेऊन मत दिले, त्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी ब्रिटनच्या राज्यघटनेची रचना आहे. वेस्टमिन्स्टरची संसद सार्वभौम असल्याने ती स्वतःला कायमचे बांधून घेऊ शकत नाही. आज केलेला कायदा उद्याची संसद बदलू शकते. स्कॉटिश संसदेच्या अखत्यारीतील विषयांवर तिच्या संमतीविना सहसा कायदे करायचे नाहीत, हा संकेत २०१६ च्या कायद्यात घातला गेला, पण तो न्यायालयातून बजावता येत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्येच स्पष्ट केले. २०१८ साली युरोपमधून बाहेर पडण्याच्या विधेयकाला स्कॉटिश संसदेने ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली, तरी ते संमत झाले. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की, वेस्टमिन्स्टरच्या परवानगीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही.

त्यामुळे लोकांना पुन्हा विचारायचे की नाही, हे लंडनमधील पंतप्रधानाच्या मर्जीवर राहिले आहे, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते. उत्तर आयर्लंडच्या बाबतीत असे नाही. १९९८ च्या कायद्यानुसार, बहुमत ब्रिटनमधून बाहेर पडून संयुक्त आयर्लंडमध्ये जाण्याच्या बाजूने असण्याची शक्यता दिसली तर संबंधित मंत्र्याने सार्वमत घेणे बंधनकारक आहे, आणि अशा दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर असले पाहिजे. असेच कलम स्कॉटलंडसाठी केले, तर स्वातंत्र्यवाद्यांना दर निवडणुकीनंतर नवी मागणी करता येणार नाही आणि लंडनलाही ती अनिश्चित काळ टोलवता येणार नाही. दुसऱ्या सार्वमताची तारीख ठरवण्याआधी मला ही तरतूद झालेली हवी आहे.