शब्दांची विचारपूस : ‘बोर्ड’

प्रश्न : माझी नात यंदा दहावीला असल्यामुळे घरात दिवसभर ‘बोर्डा’चीच चर्चा असते. परवा पुण्याला जाताना विमानतळावर हातात ‘बोर्डिंग पास’ पडला. जुन्या इंदुरात ‘बोर्डिंग-लॉजिंग’ अशा पाट्या असत, आणि त्या पाट्यांनाही आपण बोर्डच म्हणतो. शेजारी महूला कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे ते निराळेच. हे सारे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की केवळ उच्चार सारखा आहे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण दिलेल्या उदाहरणांपैकी एक सोडून बाकी सर्व एकाच शब्दाची आहेत आणि त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : लाकडाची फळी. तिच्यावर अक्षरे लिहिली की पाटी झाली, हे उघडच आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाच्या वेळी तिवयांवर लांब फळ्या टाकत आणि जेवणे आटोपली की त्या उचलून ठेवत. त्यामुळे फळी म्हणजे जेवणाचे मेज आणि पुढे त्यावर वाढलेले जेवणही, असा अर्थ पसरत गेला. ‘बोर्डिंग-लॉजिंग’मधले बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय आणि लॉजिंग म्हणजे राहण्याची. पुष्कळ जण दोन्हींचा अर्थ खोली असाच घेतात, याचे मला वाईट वाटते, कारण पहिल्यासाठी ‘खानावळ’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.

त्याच मेजाभोवती बसून निर्णय घेणारी माणसेही ‘बोर्ड’ झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये नेमलेले ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’, महूचे कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि आपल्या नातीची परीक्षा घेणारे बोर्ड ही सारी त्याच मेजावरची मंडळी.

वेगळा आहे तो बोर्डिंग पास. जुन्या इंग्रजीत ‘कड, विशेषतः जहाजाची बाजू’ या अर्थाचा तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द होता आणि कालांतराने दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्यातील ‘स्टार’चा ताऱ्याशी संबंध नाही : वल्ह्यासारखे सुकाणू पूर्वी उजव्या कडेला बांधत, म्हणून ती सुकाणूची बाजू. जहाजावर चढण्याचा हा शब्द पुढे आगगाडीने आणि विमानाने उचलला.

मराठीतही लाकूड माणसांपर्यंत पोहोचले आहे. संस्कृत ‘फलक’पासून आपल्याकडे फळी आणि फळा आले, शिवाय ‘फलक’ही तसाच राहिला, आणि ‘मधल्या फळीतील फलंदाज’ किंवा ‘पक्षाची दुसरी फळी’ म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे लाकूड येत नाही. म्हणून ‘बोर्ड’साठी एकच प्रतिशब्द शोधू नये. परीक्षेच्या बोर्डाला मंडळ म्हणावे, दुकानावरच्या बोर्डाला पाटी, वर्गातल्या बोर्डाला फळा. बोर्डिंग पास मात्र तसाच राहू द्यावा. तो आता सर्वांना कळतो.