पुसलेली बेचाळीस मिनिटं

पत्र थोडक्यात : वडील पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरीला. मुलगी बारावी सायन्सला, दहावीला ९१ टक्के, नीटचा क्लास लावलेला. डिसेंबरात तिने घरी सांगितलं, मला डॉक्टर व्हायचं नाही, खऱ्या माणसांवर डॉक्युमेंटरी करायच्या आहेत. मग एक दिवस क्लास बुडवून ती ऊसतोड मजुरांच्या गाडीतळावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागी गेली आणि एका बाईचं बोलणं मोबाइलवर टिपून आली. वडिलांनी फोन काढून घेतला, बेचाळीस मिनिटांची क्लिप पुसली आणि मला लिहिलं, 'तिच्या डोक्यातलं हे खूळ कसं काढायचं ते सांगा.'

नमस्कार,

पत्रात तुम्ही टक्केवारी चार ठिकाणी लिहिलीत आणि क्लिप पुसल्याचं एका ओळीत उरकलंत. मी मात्र त्या ओळीपाशीच अडकले.

फोन काढून घेतलात याबद्दल माझी तक्रार नाही. बोर्ड महिन्यावर आलंय, सराव परीक्षेत फिजिक्सला ३१ पडलेत, कुठल्याही बापाने तेच केलं असतं. पण जे पुसलंत ते होतं कुणाचं? तुमचं तर नव्हतंच. तुमच्या मुलीचंही अर्धंच. मोबाइल तिचा, बोलणं त्या बाईचं. दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून, गाडी भरून आलेल्या बाईने चुलीपुढचा वेळ काढून एका अनोळखी पोरीला आपलं घरातलं सांगितलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, फिटली किती, मुकादमाने काय ऐकवलं. हे सांगताना तिनेही थोडा धोका पत्करलाच होता. आपण बोललो ते गेलं, हे तिला अजून माहीतसुद्धा नाही.

आणि एक सांगू? पुसण्याआधी तुम्ही ती क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलीत. नाही म्हणू नका, तुमच्याच अक्षरात आहे : 'ती बाई उचलीचं सांगता सांगता थांबते, उसाच्या वाढ्यांच्या ढिगावरून घसरणारं पोर उचलून कडेवर घेते, मग बराच वेळ गप्प. आणि आमची बया नुसती मोबाइल धरून उभी. एक शब्द विचारत नाही. मग बाई आपणहून बुडालेल्या दिवसांच्या खाड्याचं काढते.'

तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंय. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात मुलीच्या कुवतीचा पुरावा हा एवढाच आहे, आणि तो दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा भारी आहे. नवशिकी मुलं समोरचा गप्प झाला की घाबरतात आणि घाईघाईने पुढचा प्रश्न टाकतात. गप्प उभं राहणं शिकवायला फिल्म स्कूलमध्ये वर्ष जातं. तुमच्या मुलीला ते सतराव्या वर्षी जमलं, आणि ते तुमच्या लक्षात आलं. म्हणजे बघणारा म्हणून तुम्हीही कच्चे नाही!

आता मुद्द्याचं. तुमची भीती नीटची नाहीच. ती शेवटच्या पानावर, सही करण्याच्या वरच्या ओळीत आहे : 'उद्या हे गावात फिरलं तर कारखान्यात मला कोण ठेवील?' ही भीती खरी आहे आणि रास्त आहे. शेतकी खात्यातला माणूस, ज्या टोळ्यांच्या तोडीची तारीख तो लावतो त्याच टोळीतल्या बाईचं गाऱ्हाणं त्याची मुलगी जगापुढे आणणार. घरात पगार एकच. मग हेच मुलीला सांगितलं का नाहीत? तिला तुम्ही सांगितलंत 'खूळ', 'भिकेचे डोहाळे', 'लोक काय म्हणतील'. ती समजतेय की बापाला आपलं काम कळत नाही. बापाला ते फार नीट कळलंय, म्हणूनच त्याने पुसलं, हे तिला कुठे ठाऊक आहे? तिला ते सांगा. 'मला नोकरीची भीती वाटली' एवढं एकच वाक्य. ज्यांच्यावर चित्रपट करायचा त्यांना आणि आपल्या घरच्यांना काय भोगावं लागेल, हा या धंद्यातला पहिला प्रश्न आहे, आणि तो तिला कुठल्याही प्राध्यापकाच्या आधी तुम्ही घालू शकता.

तुम्ही तिला जो तोडगा सुचवलात त्यावर जरा कठोर बोलते. 'आधी यूपीएससी कर, कलेक्टर हो, मग काय काढायच्या त्या डॉक्युमेंटरी काढ, खुर्चीवरून जास्त भलं होतं.' हे मी महिन्यातून दहा पालकांकडून ऐकते. एक तर दरवर्षी लाखो मुलं पूर्व परीक्षेला बसतात आणि आयएएसच्या जागा असतात १८० च्या आसपास. पण समजा ती झाली कलेक्टर. अखिल भारतीय सेवांची १९६८ ची वर्तणूक नियमावली काढून वाचा. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला सनदी अधिकाऱ्याला त्यात मनाई आहे. म्हणजे ऊसतोड बाईच्या बाजूने उभा राहणारा चित्रपट ज्या नोकरीत राहून मोकळेपणाने काढता येणार नाही, तीच तुम्ही वाट म्हणून दाखवताय. कलेक्टर होणं चांगलंच आहे, ज्याला व्हायचंय त्याने जरूर व्हावं. पण ते दुसरं काम आहे. आधी ते आणि मग हे, असा तो जिना नाही.

डॉक्युमेंटरीचं काम कसं चालतं त्याचं आपल्याच मुंबईतलं उदाहरण देते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. वस्ती रस्त्यावर आली, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी झोपडपट्टीवासीयांवरच्या आपल्या १९८५ च्या चित्रपटात या घोगरेंचं गाणं चित्रित केलं होतं, म्हणजे ओळखीचा माणूस गेला होता. त्यांनी कॅमेरा काढला आणि 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला २०११ साली. चौदा वर्षांनी. बातमी विरली, खटले रेंगाळले, सरकारं बदलली, आणि कॅमेरा त्याच वस्त्यांत परत परत जात राहिला. हे काम मुळात परत जाण्याचं आहे.

आणि त्याच कारणाने ते पगाराचं नाही, हेही मान्य करते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई स्वप्नं विकतात. चौदा वर्षं घर कशावर चालवायचं? माझी एक जुनी विद्यार्थिनी आज चाळिशीत आहे. वर्षातले आठ महिने ती दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करते, संस्थांसाठी माहितीपट करून देते, कॉलेजात तास घेते, आणि एका वर्षी तर लग्नाचे व्हिडिओसुद्धा केले. उरलेल्या चार महिन्यांत स्वतःचं काम. तिचं बरं चाललंय, पण गाडी अजून सेकंडहँडच आहे. हातात एडिटिंग किंवा साउंड असलं की उपाशी राहायची वेळ येत नाही, हे मात्र खात्रीने सांगते.

मार्ग ठरलेला आहे, फार शब्द घालवत नाही. बारावीनंतर लगेच पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत जाता येत नाही, तिथल्या दिग्दर्शन-संकलनाच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते, कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेलाही. म्हणून आधी बीए, शक्यतो समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन. नंतर या दोन्ही संस्था, टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबईतला माध्यम अभ्यासाचा एमए किंवा दिल्लीला जामियाचं मास कम्युनिकेशन, यांच्या प्रवेश परीक्षा. नीट सोडायची असेल तर आत्ताच, या आठवड्यात सोडा. रिपीटचं वर्ष घेऊन लाख-दीड लाख भरून मग सोडू नका. बोर्डाची परीक्षा मात्र व्यवस्थित द्यायची, बीएच्या प्रवेशाला तेच गुण धरतात.

आता थोडं मुलीशी. हा भाग तिला वाचायला द्या.

मुली, बाबांनी पुसलं ते चुकलं. पण तू गाडीतळावर गेलीस तेव्हा त्या बाईला काय सांगून रेकॉर्ड केलंस? 'कॉलेजचा प्रोजेक्ट आहे' असं म्हणालीस, हे बाबांच्या पत्रात आहे. कॉलेजचा कसलाही प्रोजेक्ट नव्हता. म्हणजे सुरुवात थापेने झाली. तुझे बाबा त्याच कारखान्यात आहेत, हे तिला माहीत असतं तर ती मुकादमाबद्दल तेवढं मोकळं बोलली असती का? बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेच्या दलित पत्रकार बायकांवरची फिल्म २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. भारतीय फीचर डॉक्युमेंटरीला ते नामांकन पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि समारंभाच्या ऐन तोंडावर त्या संस्थेने जाहीर निवेदन काढलं की यात आमचं काम एकाच बाजूने दाखवलंय, ही आमची पूर्ण गोष्ट नव्हे. फिल्म वाईट होती असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ती आवडली. पण ज्यांची गोष्ट आहे ती माणसं असं उठून म्हणू शकतात, आणि त्यांना तो हक्क आहे. तुझी बाई तर निवेदनही काढू शकणार नाही. हंगाम संपला की ती बीडकडे निघून जाईल, नंबरही बदलेल.

त्यामुळे पेपर झाले की पहिल्यांदा तिच्याकडे जा. मोबाइल न काढता. मी कोण, वडील कुठे नोकरीला आहेत, मी कशासाठी आले होते आणि रेकॉर्डिंगचं काय झालं, हे सगळं सांग. ती हाकलून देईल कदाचित. दिलंच तर मुकाट परत ये, तिथे वाद घालायचा नाही.

वडिलांना शेवटचं. हे उत्तर इथे छापायला उशीर लागतो, म्हणून आधी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतेय. तुमच्या पत्रावर ६ जानेवारी आहे, आज १९. बहुतेक फोनमध्ये पुसलेला व्हिडिओ लगेच जात नाही, गॅलरीत 'ट्रॅश' किंवा 'बिन' नावाच्या कप्प्यात साधारण तीस दिवस पडून असतो. फोन तुमच्याच कपाटात आहे ना? चार्ज करून आज रात्री तेवढं बघा.