ठाण्यात नवव्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत मोगरा लावावा की अनंत? दोघांच्या निगेत फरक काय?

प्रश्नात तुम्ही नेमकी माहिती दिलीत ते बरं झालं. घोडबंदर रोडला घर, ऊन सकाळी साडेदहा-अकरापर्यंत, जागा एकाच मोठ्या कुंडीची, दोघंही नोकरीवाले आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी. यावर माझं मत अनंताला. फक्त मे महिन्यातल्या पाण्याची सोय व्हायला हवी. ती होणार नसेल तर मोगरा आणा, आणि फुलं बेताचीच येतील हे आधीच धरून चाला.

दोन्ही पांढरी, दोन्ही वासाची, म्हणून लोक दोघांना सारखंच वागवतात. स्वभाव मात्र उलटे. मोगरा पारिजातकाच्या कुळातला, अनंत कॉफीच्या. मोगऱ्याला जरा छळावं लागतं, तेव्हा तो फुलतो. अनंताला छळलं की तो कळ्या टाकतो. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

आधी ऊन, कारण तिथेच निम्मा निकाल लागतो. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. कमी पडलं तर झाड मरत नाही, हिरवंगार दिसतं, पण लांबच लांब वेलासारख्या फांद्या ग्रिलबाहेर काढतं आणि कळीचा पत्ता नसतो. अनंताला सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे तुमच्याकडे आहे अगदी तसंच लागतं. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन लागलं तर त्याची पानं कडेने करपतात.

दक्षिणेची बाल्कनी असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. दक्षिणेला ऊन भरपूर असतं हे हिवाळ्यात खरं. पण मेच्या मध्याला ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो (तोच आपला शून्य सावली दिवस), आणि नंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे असतो. त्यामुळे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत ऐन मोगऱ्याच्या हंगामात ऊन आत शिरतच नाही. डिसेंबरात जिथे ऊन पाहून कुंडी ठेवली, तिथे एप्रिलमध्ये ते उरत नाही, आणि मग शिव्या खताला बसतात. मोगऱ्याला पश्चिम उत्तम. येऊरच्या बाजूच्या खालच्या मजल्यांवर मात्र सूर्य डोंगराआड लवकर जातो, तेवढं बघून घ्यायचं.

आता छळाचं. आपल्याकडे थंडी नावापुरतीच, त्यामुळे मोगरा आपणहून विश्रांती घेत नाही, ती द्यावी लागते. डिसेंबरात पाणी तोडायचं, म्हणजे पानं जराशी मलूल होईपर्यंत थांबून थोडंसंच घालायचं. जानेवारीत सगळ्या फांद्या निम्म्या छाटायच्या, उरलेली जुनी पानंही ओरबाडून काढायची. झाड अगदी भुंडं दिसतं, घरातली माणसं हळहळतात. मग वरची माती उकरून शेणखत घालायचं आणि पाणी सुरू. फुलं येतात ती नव्या फुटीवर, म्हणून ही कापाकापी. मार्चपासून कळ्या दिसायला लागतात. एक बहर संपला की फांदीच्या टोकाला सुकलेल्या देठांचा तपकिरी झुपका राहतो. तो खालच्या दोन पानांच्या जोडीसकट खुडला की पंधरवड्यात तिथूनच दोन नवे फुटवे येतात.

अनंतावर हे प्रयोग करायचे नाहीत. त्याची मुळं बारीक आणि मातीच्या वरच्या थरातच असतात, त्यामुळे खुरपं लावायचं नाही. खत वरून पसरायचं, त्यावर नारळाच्या शेंड्या किंवा पालापाचोळा. छाटणी करायचीच तर फुलं संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आत. जानेवारीत मोगऱ्याबरोबर अनंतही कापला तर त्या वर्षीची फुलं कचऱ्यात गेली म्हणून समजा. कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. कळ्या धरल्या असताना जागा बदलली, माती एकदा खडखडीत वाळली आणि मग एकदम चिखल झाला, की हिरव्या कळ्या टपाटप खाली.

मातीचा फरक लोकांना ठाऊक नसतो, म्हणून जरा सविस्तर. अनंताला आम्ल माती लागते. कोकणातली लाल माती त्याला आवडते ती त्यामुळेच. लाल माती, कोकोपीट, गांडूळखत एवढ्यावर तो खूश असतो. घाटावरून आणलेली काळी माती, चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना यांतलं काहीही त्याला नको. आपल्याकडे टरफलं सरसकट सगळ्या कुंड्यांत जातात, आणि बाल्कनीचं प्लास्टर झालं की सिमेंटचा चुराही. मग अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पानावर हिरवी जाळी काढल्यासारख्या. असं दिसलं की नायट्रोजनवालं खत ओतू नका, झाडाला लोह मिळत नाहीये. लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून मातीत घालायचं, महिन्याने पुन्हा. खाली जुनं ताट ठेवा, लादीवर पडलेला डाग जात नाही. मोगऱ्याचं मातीवरून असं काही नाटक नसतं, पाण्याचा निचरा झाला की पुरे.

कीड दोघांनाही लागते. मोगऱ्याच्या कळीला बारीक भोक आणि जांभळट रंग दिसला तर आत अळी आहे, कळी खुडून चिरडा. एप्रिल-मेमध्ये पानांवर फिकट ठिपके आले तर लाल कोळी, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. अनंताला पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. खोडावर मुंग्यांची रांग आणि पानांवर काजळी दिसली की समजायचं. कापसाने पुसून घ्या, मग लिटरला पाच मिली नीम तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी.

पावसाळ्यात मोगरा आळसावतो, अनंत मात्र फुलतो. तुमची बाल्कनी पूर्वेला, पाऊस येतो नैऋत्येकडून. म्हणजे बाहेर धो धो कोसळत असताना तुमची कुंडी कोरडी राहू शकते. जुलैतही बोट मातीत खुपसून बघायची सवय ठेवा. आणि मेमध्ये गावी जाताना कुंडीशेजारी उंचावर पाण्याची बादली ठेवून जाड सुती दोरीचं एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं मातीत चार बोटं खोल. निघायच्या आधी आठवडाभर हे करून बघा, म्हणजे दोरी किती पाणी ओढते ते कळेल. शेजारी भरवशाचे असतील तर दोरीचीही गरज नाही.

वासाचं म्हणाल तर मोगऱ्याच्या संध्याकाळी खुडलेल्या कळ्या रात्री उशाशी उमलतात, त्याला तोड नाही. गजरा करायचा तर मोगराच, पण एका कुंडीतून रोजचा गजरा निघेल ही आशा सोडा, त्याला जांभळी नाक्याचा फुलबाजार आहे. अनंताचा वास दाट, काहींना बंद खोलीत डोकं धरल्यासारखं होतं. पण एक फूल वाटीत पाण्यावर ठेवलं की सगळ्या घराला पुरतं. पीळ घातलेली हिरवट कळी उमलते तेव्हा शुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीसारखी, मग पिवळी. पाकळीला हात लावलात तर तिथे तपकिरी डाग, म्हणून देठ धरून तोडा.

अनंत आणायचा तर जूनच्या मध्यानंतर आणा. कळ्यांनी लगडलेलं झाड घेऊ नका, त्या तुमच्या घरी टिकणार नाहीत. नव्या पालवीचं, बुटकं, दोन-तीन फांद्यांचं घ्या, आणि घरी आणल्यावर चौदा इंची कुंडीत लावा. पैसे देण्याआधी एक पान देठापासून तोडून बघा. पांढरा चीक आला तर ती डबल तगर आहे, अनंत म्हणून सर्रास गळ्यात मारतात. अनंताला चीक नसतो.