पहिल्यांदाच मशीन पॉलिश? आधी एक चौकोन करून बघा

तुमचे प्रश्न तीन आहेत: सेकंडहँड घेतलेल्या काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे गोल, जाळीदार ओरखडे घरच्या घरी मशीनने निघतील का, रोटरी घ्यावी की डीए (ड्युअल ॲक्शन मशीन), आणि सगळ्यात कडक कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) कोणतं. निघतील, बरेचसे. मशीन डीए घ्या. तिसरा प्रश्न मात्र उलटा करून विचारा: सगळ्यात मऊ कशाने भागेल?

त्याला कारण आहे. पॉलिशने ओरखडा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. हलक्या पॉलिशने त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडने बराच जास्त. गेलेला परत येत नाही. आणि तुमच्या आधीच्या मालकाने किती वेळा बफ मारून घेतलाय हे गाडी सांगत नाही.

जाडी मोजायचं गेज कुणाकडून मिळालं तर जरूर फिरवा, पण ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर किती उरलाय हे नाही. एखाद्या पॅनलवर आकडा अचानक २५०-३०० दिसला तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला आहे. बाकीच्यापेक्षा फारच कमी दिसला तर तिथे फक्त वॅक्स लावा आणि पुढे चला. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर साधं गेज चालत नाही. क्लिअरचे पापुद्रे सुटलेले किंवा पांढरट चट्टे पडलेले असतील तर तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, ते पेंटरचं काम.

आता मशीन. रोटरी एकाच अक्षावर गरगर फिरते, एका जागी उष्णता साठवते आणि नवख्याच्या हातात कडेचा रंग उडवते. उडवला नाही तरी उन्हात सरकणाऱ्या लाटांसारख्या खुणा ठेवून जाते. डीएचा पॅड फिरतो आणि हलतोही. जास्त दाबलं की त्याचं फिरणं थांबतं, म्हणून ती चुका पोटात घालते. पाच इंची प्लेटची, ८ किंवा १५ मिलिमीटर थ्रोची (थ्रो म्हणजे पॅड हलतो त्या वर्तुळाचा व्यास) कोणतीही बरी डीए चालेल. ८ वाली वळणांवर सोपी जाते, १५ वाली सपाट भागावर भराभर काम करते. पहिल्या दिवशीच प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर काम होतंय. रेघ नुसती थरथरायला लागली की दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. शाम्पू, मग डांबर आणि लोखंडी कणांसाठीची रसायनं, मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पॅनलवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले (रुतलेले कण उचलणारी, मातीसारखी मऊ वडी). काळ्या रंगावर क्लेही बारीक खुणा करतो, पण नंतर पॉलिश होणारच आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उठलेल्या रेषा, रबर आणि खडबडीत काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. कडेला रंग पातळ असतो, आणि खडबडीत प्लास्टिकमध्ये पॉलिश शिरलं की तो पांढरेपणा काढता काढता नाकी नऊ येतात.

खरं काम पुढच्या चौकोनात आहे. बॉनेटवर साधारण ४० ते ५० सेंटिमीटरचा एक चौकोन टेपने आखा. मध्यम फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश (कंपाउंडपेक्षा मऊ) घ्या. (पॅडचा रंग बघून घेऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशेब वेगळा.) नव्या पॅडवर पॉलिश बोटाने पातळ पसरवून घ्या, मग तीन-चार छोटे थेंब पुरे. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग वेग मधल्याच्या थोडा वर न्या. हात अगदी संथ, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. एकदा आडवं, एकदा उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. अशा चार ते सहा फेऱ्या. मशीन थांबवूनच उचला, नाहीतर काचेपासून भिंतीपर्यंत सगळीकडे शिंतोडे. वायर खांद्यावरून मागे टाका आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधली तेलं बारीक ओरखड्यांत बसून ते लपवतात. पाण्यात १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, स्वच्छ मायक्रोफायबरने तो भाग पुसा आणि मग एकाच एलईडीच्या टॉर्चने तिरकं बघा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या छान दिसतात.

समाधान झालं तर हीच जोडी पूर्ण गाडीला. नाही झालं तर आधी पॅड थोडा कडक करा, पॉलिश तेच ठेवा. तरी नाही तर मग कंपाउंड. कंपाउंडने ओरखडे गेले पण धुरकट झाक राहिली, तर त्यावर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशची दुसरी फेरी लागेल. काळ्यावर ती बहुधा लागतेच. क्लिअर कोटचा कडकपणा कंपनीगणिक बदलतो, पुन्हा रंगवलेला दरवाजा तर त्याच गाडीवर वेगळा वागतो. म्हणून दुसऱ्याची रेसिपी, माझीसुद्धा, तशीच्या तशी उचलू नका.

पॅड कमी घेणं ही खोटी काटकसर. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. दोन-तीन पॅनल झाले की बदला. घासलेला रंग आणि सुकलेलं पॉलिश पॅडवर साचलं की तोच पॅड नव्या खुणा करतो, आणि माणूस पॉलिशला दोष देत बसतो. कंपाउंडची फडकी वेगळी, पॉलिशची वेगळी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

पॅडवर काळा रंग उतरताना दिसला तर थांबा. एक तर पॅड प्लास्टिकला किंवा रबराला लागलाय, किंवा त्या भागावर क्लिअरच नाही. दुसरी शक्यता असेल तर तो पॅनल सोडा.

नख अडकेल असा ओरखडाही सोडा. त्याच्या कडा जरा बोथट होतील, नजरेत कमी भरेल, तेवढं खूप झालं. मी माझ्या रोजच्या गाडीवर सगळे ओरखडे कधीच काढत नाही. चार हात लांबून स्वच्छ दिसली की मशीन ठेवून देतो, उरलेला क्लिअर पुढच्या वर्षांसाठी.

एका दिवसात पूर्ण गाडीचा हट्ट नको. दमलेला हात मशीन तिरकी धरतो. बॉनेट आणि छप्पर एका सुट्टीला, दारं दुसऱ्या. झालेल्या भागावर त्याच दिवशी सीलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक थर) किंवा वॅक्स लावा. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं आजपासून बंद, कारण हे जाळं बहुतेक त्यानेच पडलंय. धुताना दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत मिट (धुण्याचा हातमोजा) खळबळायला साधं पाणी.

पहिला चौकोन झाला की अल्कोहोलने पुसून, टॉर्च तिरका धरून त्याचा आणि शेजारच्या न घासलेल्या भागाचा एकत्र फोटो टाका. कोणता पॅड, कोणतं पॉलिश, किती फेऱ्या तेही लिहा. पुढे पॅड बदलायचा की पॉलिश, ते त्यावरून सांगता येईल.